केमोथेरपी आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या

बीड जिल्ह्यातले अनेक रुग्ण केमोसाठी बार्शी किंवा छत्रपती संभाजीनगरला जातात. पिशवीत रिपोर्टांच्या फायलीसोबत कुणीतरी 'ताकदीसाठी' दिलेली गोळ्यांची स्ट्रिपही असते. तिचा उपयोग होतो का?

केमोची औषधे वेगाने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. तोंडाचे व आतड्याचे अस्तर, केसांची मुळे, अस्थिमज्जा यांच्या निरोगी पेशीही वेगाने वाढतात, म्हणून त्यांनाही झळ बसते. तोंड येते, जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात.

एका ठिकाणी जीवनसत्त्वे खरोखर ढाल बनतात. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत दिले जाणारे पेमेट्रेक्सेड हे औषध पेशींतील फोलेटचे काम रोखते. म्हणून उपचाराच्या आठवडाभर आधीपासून रोज फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि दर नऊ आठवड्यांनी बी-१२चे इंजेक्शन देतात. त्याने दुष्परिणाम बरेच कमी होतात.

पण हा नियम सरसकट नाही. काही औषधे कर्करोगाच्या पेशी मारताना ऑक्सिजनचे दाहक कण तयार करतात. सी, ई यांसारखी अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत घेतली, तर निरोगी पेशींबरोबर गाठीलाही संरक्षण मिळण्याची भीती असते.

भाकरी, डाळ, शिजवलेली पालेभाजी, स्वच्छ धुऊन सोललेले फळ खुशाल खा. गोळ्यांची स्ट्रिप मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. ती लपवू नका.