आधी कोरडं, मग ओलं

"आमच्या मावशी फार चांगल्या आहेत," असं कोणी म्हणालं की त्याचा अर्थ बहुतेकदा असा असतो: त्या वेळेवर येतात, दांड्या मारत नाहीत, उलट बोलत नाहीत आणि पगारवाढ मागत नाहीत. यातल्या एकाही गोष्टीचा घर स्वच्छ होण्याशी थेट संबंध नाही. सुतार नम्र आहे म्हणून आपण त्याला चांगला म्हणत नाही, तो रंधा कसा मारतो ते पाहतो. केरफरशी करणाऱ्या बाईचं कसब मात्र कोणी पारखत नाही. त्यात कसब असतं, हेच आपल्याला मुळात मान्य नाही.

ते पाहायचं असेल तर ती कामाला कुठून हात घालते ते पाहावं. काम कळणाऱ्याची नजर खोलीत शिरल्यावर आधी वर जाते. पंखा, कोपऱ्यातली जळमटं, माळ्याची कड, कपाटांच्या माथ्यावरची धूळ, मग खिडकीचे गज आणि सगळ्यात शेवटी जमीन. धूळ खालीच येणार असते, त्यामुळे आधी फरशी पुसून मग पंखा झाडणाऱ्याला ती पुन्हा पुसावी लागते. पंख्याच्या पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवून ओढून घेतला की धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर सांडत नाही. ही युक्ती जिला माहीत आहे तिनं हे काम डोक्यानं केलेलं आहे, असं खुशाल समजावं.

दुसरा नियम कोरडं आधी, ओलं नंतर. नीट केर न काढता पाणी लावलं तर धुळीचा चिखल होतो आणि तो टाइल्सच्या सांध्यांत जाऊन बसतो. पांढऱ्या रेघा वर्षभरात काळ्या पडतात त्या अशाच. बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदलायला हवं, नाहीतर पहिल्या खोलीतली घाण तिसऱ्या खोलीत नीट पसरवली जाते एवढंच. फिनेलचा वास हे सगळं झाकतो. पाण्यात दोन झाकणं फिनेल पडलं, घरभर वास सुटला, की फरशी पुसली गेली असा आपला पक्का समज. घाण उचलली जाते ती घासण्यानं आणि स्वच्छ पाण्यानं. जंतुनाशकालाही आधी मळ निघालेला लागतो आणि लावल्यावर काही मिनिटं ओलं राहू द्यावं लागतं. लावलं आणि लगेच पुसलं तर त्याचा उपयोग फार थोडा.

पण खरी पारख होते ती दगडापाशी. संगमरवर, कोटा आणि जुन्या वाड्यांतून, चाळींतून सर्रास दिसणारी शहाबादी फरशी हे तिन्ही दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यांच्यावर आम्ल पडलं की बारीक फेस येतो आणि चकाकी जाते. तिथे मळ निघत नसतो, दगड खाल्ला जात असतो. तो डाग पुसून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीत बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. व्हिनेगर आणि लिंबूही याच जातीचे, जरा सौम्य इतकंच. ग्रॅनाइटचा ओटा आणि व्हिट्रिफाइड टाइल्स बरंच सोसतात, पण त्यांच्या मधलं सिमेंट सोसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी "ताई, ही फरशी कसली आहे?" असं विचारणारी बाई मिळाली तर तिला सोडू नये.

यात एक गंमत आहे. बोअरच्या पाण्यानं नळावर जे पांढरे क्षार चढतात, त्यांना आम्लच लागतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला थोडा वेळ गुंडाळून ठेवलं की थर सुटतो. मात्र तेच व्हिनेगर नळाखालच्या संगमरवरी कट्ट्यावर ठिबकलं की कट्टा खराब. गॅसमागच्या भिंतीवरचा चिकटा नेमका उलटा: त्याला आम्ल नको, धुण्याचा सोडा आणि गरम पाणी हवं. तेलाचा थर सोड्यानं सैल पडतो. पण तोच सोडा ॲल्युमिनियमच्या पातेल्याला काळं करतो. घरात एकाच बाटलीनं सगळं पुसता येत नाही, ते एवढ्याचसाठी.

गणपती-दिवाळीआधी हल्ली ॲपवरून जी 'डीप क्लीनिंग'ची मुलं येतात, त्यांना हा प्रश्न जरूर विचारावा की बाटलीत काय आहे. काही तासांत बाथरूम लखलखीत करून देण्याच्या घाईत कडक आम्ल वापरलं जाऊ शकतं. आणि एक गोष्ट कुणीही, कधीही करू नये: ब्लिच किंवा ब्लिचिंग पावडर आणि आम्ल एकत्र. त्यातून क्लोरिन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली तो शस्त्र म्हणून वापरला गेला होता. आपल्याकडच्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये थोडासाही पुरे होतो. दोन औषधं मिसळली की दुप्पट साफ होतं, हा समज धोक्याचा आहे.

आपल्या जुन्या घरांत पोतेरं वेगळं, मसोतं वेगळं, देवाची भांडी पुसायचं फडकं वेगळं असायचं. आता रुग्णालयांत हेच निळी, लाल, हिरवी फडकी ठेवून केलं जातं. चांगली सफाई करणारी व्यक्ती मोरीचं फडकं ओट्याला लावत नाही आणि काम झाल्यावर ते पिळून उन्हात घालते. पावसाळ्यात तर दमट फडक्याचाच वास घरभर फिरतो.

एवढं झालं हाताचं. नजर आणि जीभ यांचंही आहे. टेबलावरचे कागद नीट रचून ठेवणं चांगलं दिसतं, पण ज्याचे कागद त्याचा अर्धा दिवस शोधण्यात जातो. काय हलवायचं नाही, काय विचारल्याशिवाय टाकायचं नाही, हे कळणं फार मोलाचं. आणि दिवसाला चार-पाच घरं करणारीला सगळ्यांची औषधं, रिकाम्या बाटल्या, कोण कुठल्या खोलीत झोपतं हे दिसतच असतं. एका घरातलं दुसऱ्या घरात न नेणं ही या व्यवसायाची खरी पत. इथे एक खरं सांगायला हवं: "काय गं, समोरच्यांकडे काय चाललंय?" हा प्रश्न बहुधा ती विचारत नाही. आपण विचारतो.

आणखी एक गुण आपण अवगुण मानतो, तो म्हणजे नकार. सातव्या मजल्याच्या खिडकीची काच बाहेरून पुसायला कठड्यावर उभं राहायला ती नाही म्हणाली, हातमोज्यांशिवाय ॲसिडला हात लावणार नाही म्हणाली, तर ती आळशी नाही. तिला तिचं काम कळतं.

हे नकार द्यायला बळ लागतं आणि ते पुण्यातल्या बायकांनी खूप आधी मिळवलं. 1980 साली तिथल्या मोलकरणींनी संप केला आणि पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या साध्या होत्या: पगारवाढ, भरपगारी सुट्टी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठीचा करार केला तो 2011 मध्ये, आणि भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यात घरकामगार येतात, त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासाठी कायद्याची चौकट कशी असावी हे तपासायला समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं.

महाराष्ट्रात मात्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. वय 18 ते 60 असलेल्या कोणाही घरकामगाराला त्यात नोंदणी करता येते. अर्जासोबत ही व्यक्ती आमच्याकडे काम करते, असा घरमालकाचा दाखला लागतो. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींची नोंदणी झाली आहे का ते विचारा, आणि झाली नसेल तर हा दाखला आजच लिहून द्या.