न थांबता वाट कशी पाहावी?

शिकवता शिकवता बाई एका मुलीला चिठ्ठी देऊन कार्यालयात पाठवतात. ती परत येईपर्यंत बाई दाराकडे पाहत उभ्या राहिल्या तर? साऱ्या वर्गाचा खोळंबा! गप्पांच्या सर्व्हरपुढेही नेमका हाच प्रश्न असतो.

फिनलंडमधील औलु विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'आयआरसी' ही संगणकावरून गप्पा मारण्याची व्यवस्था तयार केली. तिचे अनेक सर्व्हर एका वेळी एकच काम करतात. मग शेकडो माणसे कशी सांभाळतात? १९८३ साली बीएसडी युनिक्समध्ये 'सिलेक्ट' ही सोय आली. जोडण्यांची यादी दिली की कोणत्या जोडणीवर काही आले आहे, ते ती सांगते. कोणी आत आले, कोणी बोलले, कोणी गेले. या साऱ्या 'घटना'. सर्व्हरला नवे काम शिकवणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे प्लगइन. तो आधीच सांगून ठेवतो, 'संदेश आला की मला हाक मारा.' काम उरकून त्याने ताबा लगेच परत द्यायचा असतो.

आता समजा, कोणी आजचे तापमान विचारले. उत्तर दूरच्या वेब सर्व्हरवर आहे आणि ते यायला ०.२ सेकंद लागतात. एका आज्ञेला एक नॅनोसेकंद धरला, तर तेवढ्यात २० कोटी आज्ञा पार पडतील. आज्ञेला एक सेकंद लागत असता, तर ही प्रतीक्षा सव्वासहा वर्षांची झाली असती! प्लगइन तिथेच वाट पाहत बसला, तर सर्वांच्याच गप्पा ठप्प.

म्हणून विनंती पाठवायची, ती जोडणीही त्याच यादीत घालायची, उत्तर आल्यावर काय करायचे याची नोंद ठेवायची आणि परतायचे. उत्तर येणे हीसुद्धा एक घटनाच! हीच असमकालिक विनंती.

असा एक प्लगइन आम्ही लिहिला. चाचणीत तो छान चालला. पुढे एकदा उत्तर येण्याआधीच प्रश्नकर्ता निघून गेला. त्याच्या नोंदीचा स्मृतीतील पत्ता आम्ही जपला होता. तिथे आता भलतेच काही होते. सर्व्हर कोसळला. चूक आमचीच. पत्ता नव्हे, ओळखक्रमांक जपायचा आणि उत्तर आल्यावर ती व्यक्ती अजून आहे का, ते पुन्हा पाहायचे. उत्तर कधीच न येण्याची शक्यता धरून मुदतही घालायची.

वर्गात हा खेळ करून पाहा. एक विद्यार्थी 'सर्व्हर', चौघे प्रश्नकर्ते, दोघे व्हरांड्यातले 'वेब सर्व्हर'. मध्येच एका प्रश्नकर्त्याला हळूच बाहेर पाठवा. त्याचे उत्तर आल्यावर काय करायचे, हा नियम मात्र मुलांनाच शोधू द्या.