'कसा वाटला?' या प्रश्नाचे उत्तर

रविवारचा चित्रपट आणि सोमवारची लोकल यांचे नाते मुंबईकराला नव्याने सांगायला नको. जोगेश्वरी स्थानकात सकाळी चर्चगेटच्या गाडीची वाट पाहणाऱ्या घोळक्यात क्रिकेटच्या खालोखाल वाद रंगतो तो आदल्या दिवशी पाहिलेल्या चित्रपटावर. 'काय रे, कसा वाटला?' 'बकवास! तिकिटाचे पैसे गेले होते म्हणून शेवटपर्यंत बसलो.' 'तुला काही कळत नाही. मी दोनदा पाहिला.' अंधेरी येईपर्यंत दोघेही आपापल्या मतावर ठाम असतात आणि गर्दीच्या रेट्यात वाद तिथेच तुटतो. एकाने का आवडला ते सांगितलेले नसते, दुसऱ्याने ते विचारलेले नसते.

असे वाद मिटवण्यासाठी आपल्याकडे एक हुकमी वाक्य आहे, 'ज्याची त्याची आवड'. हे वाक्य खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. आवड ज्याची त्याची असली, तरी ती कशातून घडते, काळानुसार कशी पालटते आणि तिच्याविषयी बोलण्यातून काय साधते, हे समजून घेण्याजोगे आहे. तसे बोलणारे प्रेक्षक होते म्हणूनच काही चांगले चित्रपट तग धरू शकले.

जोगेश्वरीने पाहिलेला निकाल

या विषयाचा एक धडा जोगेश्वरीच्याच परिसरात सापडतो. पूर्वेला, महाकाली गुंफांच्या बाजूस, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यालगत दिग्दर्शक कमाल अमरोही यांनी १९५८मध्ये 'कमालिस्तान' हा स्टुडिओ उभारला. त्यांचे नाव ज्या चित्रपटाशी कायमचे जोडले गेले, तो 'पाकीजा' पूर्ण होण्यास सुमारे दीड दशक लागले. कृष्णधवल चित्रीकरणाने सुरू झालेला हा चित्रपट रंगीत झाला, मग सिनेमास्कोप झाला. अमरोही आणि नायिका मीनाकुमारी यांचे दाम्पत्यजीवन मध्यंतरी दुभंगले आणि १९६४पासून काम कित्येक वर्षे थांबले. छायालेखक जोसेफ विर्शिंग आणि संगीतकार गुलाम मोहम्मद हे दोघेही चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच निवर्तले.

अखेर ४ फेब्रुवारी १९७२ रोजी 'पाकीजा' प्रदर्शित झाला. आरंभीच्या समीक्षांचा सूर संमिश्र होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ३१ मार्चला, मीनाकुमारींचे निधन झाले आणि चित्रपटगृहांकडे गर्दी लोटली. आज हा चित्रपट हिंदीतील अभिजात कृतींत गणला जातो. या काळात चित्रपटाची एक चौकटही बदललेली नव्हती, बदलला होता तो प्रेक्षक. पडद्यावरचे दुःख आता त्याला निव्वळ साहेबजानचे वाटत नव्हते, ते साकारणाऱ्या अभिनेत्रीचेही वाटत होते.

तज्ज्ञांतही एकमत नव्हते. त्या वर्षीचा उत्कृष्ट संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार 'पाकीजा'ला न मिळता 'बेईमान'ला मिळाला. त्याच 'बेईमान'मधील सहायक भूमिकेसाठी पुरस्कार जाहीर झालेल्या प्राण यांनी तो नाकारला. संगीताच्या पुरस्काराचे खरे मानकरी दिवंगत गुलाम मोहम्मद होते, अशी त्यांची भूमिका होती. स्वतःच्या चित्रपटाविरुद्ध मत देणारा आणि त्यासाठी हाती आलेला सन्मान सोडणारा हा कलावंत 'ज्याची त्याची आवड' म्हणून गप्प बसला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एक शब्द, दोन प्रश्न

चित्रपटावरचे बहुतेक वाद विस्कटतात ते दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे. 'मला आवडला का?' हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर देताना प्रेक्षक स्वतःविषयी सांगत असतो. त्याचे वय, त्या दिवसाचा थकवा, शेजारी कोण बसले होते, घरून किती अपेक्षा घेऊन निघालो होतो, या साऱ्याचा त्या उत्तरात वाटा असतो. 'चित्रपट चांगला आहे का?' हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर मात्र चित्रपटात शोधावे लागते. जे मांडायचे ठरवले ते मांडता आले का, प्रसंगांची जुळणी, अभिनय, छायाचित्रण, ध्वनी यांनी त्याला साथ दिली का, हे तपासावे लागते.

दोन्ही उत्तरे एकच असली पाहिजेत असे मुळीच नाही. एखादा सामान्य चित्रपट बालपणीच्या आठवणींमुळे जिवाभावाचा वाटू शकतो. उलट, एखाद्या चित्रपटाची थोरवी मान्य करूनही तो पुन्हा पाहण्याची इच्छा होत नाही. 'चांगला आहे, पण मला आवडला नाही' हे वाक्य म्हणूनच विसंगत नाही. किंबहुना जाणत्या प्रेक्षकाची ती खूण आहे.

कधी कधी तर दोघे जण एकाच चित्रपटाच्या दोन भागांवरून भांडत असतात. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६मध्ये आला, तेव्हा कुणी पूर्वार्धातील गाणी आणि कोवळ्या प्रेमाविषयी बोलत होते, तर कुणी शेवटच्या निःशब्द मिनिटांविषयी. पूर्वार्धाचा तो गोडवा नसता, तर शेवटाचा आघात इतका जिव्हारी लागला असता का, हा खरा चर्चेचा मुद्दा. दोघांनी एकमेकांचे ऐकल्याशिवाय तो हाती लागत नाही.

भरतमुनी आणि दारूचे पिंप

हा प्रश्न सिनेमाइतका अलीकडचा नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रेक्षकांच्या रुचिभेदाची सविस्तर नोंद आहे. तरुणांना शृंगार भावतो, शूरांना रौद्र आणि युद्धाचे प्रसंग, विरक्तांना मोक्षविचार, तर वृद्धांना धर्मकथा व पुराणे, असे त्यात म्हटले आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात तर राजदरबारातील गणदास आणि हरदत्त या दोन नृत्याचार्यांचा श्रेष्ठत्वावरून वादच रंगतो. नाट्य ही भिन्न रुचीच्या लोकांना एकत्र रिझवणारी कला आहे, असे गणदास सांगतो. त्याच नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार बजावतो की, जुने म्हणून सारेच चांगले नसते आणि नवे म्हणून काही वाईट ठरत नाही. शहाणे लोक पारखून निवड करतात, मूढ दुसऱ्याच्या मतावर विसंबतात. आजच्या प्रेक्षकालाही हा इशारा लागू पडतो.

स्कॉटलंडचे तत्त्वचिंतक डेव्हिड ह्यूम यांनी १७५७मध्ये अभिरुचीवर लिहिलेल्या निबंधात 'डॉन किहोते'मधील एक गोष्ट सांगितली आहे. दोघा जाणकारांना पिंपातील वाइन चाखण्यास दिली. एक म्हणाला, 'उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते.' दुसरा म्हणाला, 'चामड्याची नव्हे, लोखंडाची.' लोकांनी दोघांनाही हसण्यावारी नेले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याचा दोरा बांधलेली लोखंडी किल्ली सापडली. दोघांचे निदान वेगळे होते आणि दोघेही बरोबर होते. मतभेद म्हणजे कुणीतरी एक चूक, असे मानण्याची घाई करू नये, हे या गोष्टीचे तात्पर्य. दुसरेही एक तात्पर्य आहे. किल्ली खरोखरच पिंपात होती. चव ही निव्वळ जिभेची लहर नव्हती.

वादाची शाळा

पाहिलेल्या चित्रपटाविषयी कारणांसह बोलण्याची सवय आपल्याकडे लावली ती फिल्म सोसायटी चळवळीने. १९४७मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आदींनी कलकत्त्यात फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९मध्ये अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला आणि त्याचे अध्यक्षपद राय यांच्याकडे आले. मुंबईत सुधीर नांदगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये 'प्रभात चित्र मंडळ' सुरू केले. नेहमीच्या चित्रपटगृहांत न येणारे देशोदेशीचे चित्रपट सभासदांना दाखवायचे आणि त्यांवर चर्चा घडवायची, हा त्याचा परिपाठ. 'वास्तव रूपवाणी' या मंडळाच्या नियतकालिकाने त्या चर्चेला मराठीत लेखी रूप दिले.

पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट यांच्या उन्हाळी वर्गांतून, सतीश बहादूर यांच्यासारख्या अध्यापकांमुळे 'चित्रपट रसास्वाद' हा शब्द रूढ झाला. समीक्षेपेक्षा 'रसास्वाद' हा शब्द निवडला गेला, यात औचित्य आहे. दोष काढण्याआधी चव घेता आली पाहिजे, असे तो सुचवतो.

अशा चिकित्सक पाहण्याचा मराठीतील वस्तुपाठ म्हणजे अरुण खोपकर यांचे 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक. चित्रपटविषयक उत्कृष्ट ग्रंथाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 'प्यासा', 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी और गुलाम' हे तीन चित्रपट छायाप्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल, गाण्यांची योजना यांच्या आधारे त्यात उलगडले आहेत. 'कागज के फूल' १९५९मध्ये तिकीटबारीवर सपशेल कोसळला होता. पहिल्या प्रदर्शनात नाकारलेला चित्रपट पुढच्या पिढीला आपलासा वाटतो, त्यामागे असे जाणते वाचन असते.

एक प्रयोग : 'कोर्ट'चा शेवट

कारणे देऊन वाद कसा घालावा, याचे उदाहरण म्हणून चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घेता येईल. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून तो एप्रिल २०१५मध्ये चित्रपटगृहांत आला. एका लोकशाहिरावरील खटल्याची ही कथा. कॅमेरा दूर, स्थिर, प्रसंग लांबलेले. 'कंटाळवाणा' हा शेरा त्याला सहज चिकटला.

परंतु कंटाळा कशाचा आला, असे विचारले की चर्चा सुरू होते. तारखांवर तारखा पडणाऱ्या न्यायप्रक्रियेचा कंटाळा प्रेक्षकाने अनुभवावा, अशीच ही योजना नाही का? असेल, तर ती यशस्वी झाली की तिने प्रेक्षकालाच दूर लोटले? त्याहून मोठा मुद्दा शेवटाचा. न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामे होते, एकेक दिवा मालवत जातो आणि पडद्यावर अंधार पसरतो. चित्रपट इथे संपला, असे वाटते. पण तो संपत नाही. सहलीला गेलेले न्यायाधीश दिसतात. बाकावर डुलकी घेणाऱ्या त्यांना मुले ओरडून दचकवतात आणि ते हाती लागलेल्या मुलाच्या थोबाडीत मारतात.

हा प्रसंग हवा होता का? अंधार पुरेसा बोलका होता, हे एक मत. काळा डगला उतरवल्यावर उरणारा माणूस दाखवल्याखेरीज खटल्याचा अर्थ पुरा होत नाही, हे दुसरे. दोन्ही बाजूंना पडद्यावरचा पुरावा आहे. अशा वादात कुणी हरत नाही. दोघांनाही चित्रपट पुन्हा पाहावासा वाटतो.

शुक्रवार ते सोमवार

मग हे सारे आताच सांगण्याचे प्रयोजन काय? चित्रपटाचे भवितव्य आता पहिल्या तीन दिवसांत ठरते. शुक्रवारी आलेल्या चित्रपटाला गर्दी नसेल, तर सोमवारी त्याचे खेळ कमी होतात. मराठी चित्रपटाला तर सोयीची वेळ मिळवण्यासाठीही झगडावे लागते. 'कोर्ट' आला त्याच महिन्यात, एप्रिल २०१५मध्ये, मल्टिप्लेक्समधील मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट दाखवण्याच्या सरकारी निर्णयावरून मोठे वादळ उठले होते. नियमाने पडदा मिळेल, प्रेक्षक मिळत नाही. तो मिळतो एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे. 'श्वास'सारखा आजोबा आणि नातवाचा साधा चित्रपट २००४मध्ये गाजला, त्यात राष्ट्रीय पुरस्काराइतकाच तोंडी प्रसिद्धीचाही वाटा होता.

पाच ताऱ्यांपैकी अडीच तारे देऊन हे काम होत नाही. तारे निकाल सांगतात, कारण सांगत नाहीत. विनोदी चित्रपटाचे तीन तारे आणि शोकांतिकेचे तीन तारे यांत साम्य काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय आकडा पाहून गेलेला प्रेक्षक पडद्याकडे पाहण्याऐवजी तो आकडा बरोबर होता का, तेच ताडत बसतो.

पहिल्या आठवड्याचा निकाल अंतिम नसतो, हे अलीकडेही दिसले. राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' २०१८मध्ये आला आणि बेताचा चालला. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई करून गेला. मधल्या सहा वर्षांत तो पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांना त्याविषयी सांगितले होते. परंतु प्रत्येक चित्रपटाच्या नशिबी असे दुसरे प्रदर्शन नसते. ज्याच्याविषयी कुणी बोलले नाही, तो विस्मरणात जातो आणि त्याच्या दिग्दर्शकाला पुढचा चित्रपट मिळणे अवघड होते.

यासाठी समीक्षक होण्याची गरज नाही. 'बकवास' किंवा 'एक नंबर' म्हणून झाल्यावर त्यापुढे 'कारण' हा एक शब्द जोडावा आणि निदान एक प्रसंग सांगावा. समोरच्याला त्याचा प्रसंग विचारावा. मत बदलले पाहिजे असेही नाही. जोगेश्वरीहून अंधेरीला पोहोचायला धीम्या गाडीला काही मिनिटेच लागतात. एका प्रसंगापुरती ती पुरेशी आहेत.