डोक्यास मार लागल्यावर

हात मोडला म्हणजे त्याचें प्लास्टर सर्वांस दिसतें, आणि त्या मुलास कोणी भरलेली घागर उचलावयास सांगत नाहीं. मेंदूची दुखापत मात्र कोणास दिसत नाहीं. दिंडोरी-वणी रस्त्यावर दुचाकी घसरते, कोणी आंब्यावरून पडतो. कपाळावरची जखम भरून येते, टांके निघतात, आणि घरची मंडळी समजते कीं मुलगा बरा झाला. खरी कसोटी पुष्कळदां तेथूनच सुरू होते.

मेंदू मऊ असून कवटीच्या आंत पाण्यासारख्या द्रवानें वेढलेला असतो. जोराचा धक्का बसला म्हणजे तो आंतल्या आंत हिसकला जातो व त्यांतील सूक्ष्म तंतू ताणले जातात. म्हणून पुढें कित्येक दिवस डोकें दुखतें, घेरी येते, उजेड व गलका सोसवत नाहीं, झोंप बिघडते, वाचलेलें आठवत नाहीं व क्षुल्लक कारणानें राग येतो. मार सौम्य असल्यास बहुतेकांचीं हीं लक्षणें कांहीं आठवड्यांत जातात. थोड्यांचीं कित्येक महिने रेंगाळतात. अशा मुलास आळशी म्हणणें हा त्याजवर अन्यायच होय.

पहिले एक-दोन दिवस विश्रांति घ्यावी. नंतर थोडें चालणें व थोडें वाचन सुरू करून तें दररोज बेताबेतानें वाढवावें. त्रास फार वाढल्यास एक पायरी मागें यावें. परंतु अंधाऱ्या खोलींत आठवडेच्या आठवडे निजून राहूं नये. शाळेंत प्रथम अर्धा दिवस बसावें, मधून मधून विसांवा घ्यावा, आणि विसरण्याजोग्या गोष्टी वहींत टिपून ठेवाव्या. डॉक्टरांच्या अनुमतीवांचून मैदानावर उतरूं नये. पहिली दुखापत बरी होण्यापूर्वीं दुसरा मार बसल्यास तो अधिक घातक ठरतो. वारंवार वांति, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा हातापायांत अशक्तपणा दिसल्यास मात्र क्षणाचाहि विलंब न करितां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इ. स. १९६२ च्या मार्च महिन्यांत भारताचे कर्णधार नारी काँट्रॅक्टर ह्यांच्या डोक्यावर बार्बाडोस बेटांत चेंडू आदळून कवटीस इजा झाली. शस्त्रक्रियेच्या वेळीं वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल ह्यांनीं, तसेंच आपल्या नाशकांत जन्मलेले बापू नाडकर्णी ह्यांनीं, त्यांजसाठीं रक्त दिलें. पुढें काँट्रॅक्टर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत पुन्हां खेळले. कसोटी सामना मात्र त्यांना पुन्हां खेळावयास मिळाला नाहीं. बरें होणें म्हणजे सर्व कांहीं पूर्वींसारखें होणेंच नव्हे. जें परत मिळालें त्याच्या बळावर पुढें चालणें, हेंहि बरें होणेंच आहे.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांस असा त्रास होत असेल तर तो लपवूं नका. गुरुजींस व आईवडिलांस सांगा. आणि शेजारच्या बाकावरील सोबत्यास होत असेल तर त्यास हंसूं नका. आपली वही त्याजपुढें सरकवा.