दुर्बिणीची धास्ती आणि भुलीच्या पायऱ्या

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहरात १८६८ साली आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरांना जिवंत माणसाच्या जठरात डोकावून पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी बनवून घेतलेली नळी सरळ, ताठ, ४७ सेंटिमीटर लांब आणि १३ मिलिमीटर जाड होती. ती गिळणार कोण? कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचा खेळ करणाऱ्या एका माणसाला गाठले. मान मागे टाकायची, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणायची आणि उबळ दाबून धरायची, ही विद्या त्याने सरावाने कमावली होती. नळी आत गेली, पण त्या काळच्या दिव्याचा उजेड काही नीट आतपर्यंत पोचला नाही.

आज ‘दुर्बिणीची तपासणी’ तालुक्याच्या गावातही होते. नळी मऊ, हवी तशी वळणारी आणि साधारण एक सेंटिमीटरहून बारीक असते. जठराची साधी तपासणी बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत उरकते. तरीही आदल्या रात्री अनेकांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, आणि ‘उद्या बघू’ म्हणत काही जण ती महिनोन्‌महिने टाळतात.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे. घशाच्या मागच्या भिंतीला किंवा जिभेच्या मुळाला परकी वस्तू लागली की मज्जातंतू थेट मेंदूच्या खोडाला वर्दी देतात आणि उबळ येते. फुप्फुसात काही जाऊ नये म्हणून शरीराने बसवलेला हा पहारा आहे. मनाने कितीही ठरवले तरी तो सहजासहजी हटत नाही.

दुसरी धास्ती श्वास कोंडण्याची. इथे मात्र शरीररचना रुग्णाच्या बाजूने उभी आहे. दुर्बीण अन्ननलिकेत जाते. तिच्या पुढे असलेली श्वासनलिका मोकळीच राहते. घसा भरून आल्यासारखा वाटतो, तेव्हाही नाकाने श्वास चालू असतो.

डॉक्टर बेसिल हिर्शोविट्झ यांनी तर घशाची ही उबळ स्वतः सोसली. काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये दाखवले होते. त्यावरून मिशिगन विद्यापीठात लवचीक दुर्बीण तयार झाली. १९५७ च्या फेब्रुवारीत हिर्शोविट्झ यांनी ती आधी स्वतःच्या घशाखाली उतरवली, तीही घसा बधिर न करता. रुग्णाची पाळी त्यानंतर आली.

आजच्या रुग्णाला तेवढे सोसायची गरज नाही. ‘भूल देणार की नाही?’ असा प्रश्न बहुतेक जण विचारतात. पण भुलीला पायऱ्या आहेत. पहिली पायरी घशात मारायच्या लिग्नोकेनच्या फवाऱ्याची. चव कडू, आणि घसा जाड झाल्यासारखा वाटतो. गिळताच येत नाही असे वाटून काही जण घाबरतात, पण औषध लागू पडल्याचीच ती खूण असते. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो. बधिरपणा ओसरेपर्यंत खायचे-प्यायचे नाही, एवढे पथ्य पाळले की तो आपल्या पायांनी घरी जातो.

दुसऱ्या पायरीवर शिरेतून मिडाझोलाम देतात, कधी जोडीला फेंटानिल. माणूस गुंगीत असतो, तरी हाक मारली की ओ देतो. मिडाझोलाम नव्या आठवणी साठू देत नाही. म्हणून तपासणी संपल्यावरही ‘कधी सुरू करणार?’ असे विचारणारे रुग्ण भेटतात. या दोन्ही औषधांवर उतारा उपलब्ध आहे.

प्रोपोफॉल ही त्यापुढची पायरी. दुधासारखे पांढरे हे औषध मिनिटभरात झोपवते आणि थांबवले की काही मिनिटांत जाग येते. मात्र मात्रा थोडी वाढली तरी श्वास मंदावू शकतो, आणि त्यावर उतारा नाही. म्हणूनच तिथे भूलतज्ज्ञ हवा. पित्तनलिकेतले खडे काढण्यासारख्या लांबणाऱ्या कामात किंवा भीती अनावर असेल तेव्हा ही भूल योग्य ठरते. हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्या किंवा झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने मात्र ‘मला पूर्ण झोपवाच’ असा हट्ट धरू नये. डॉक्टरांनीही ‘पाच मिनिटांचे तर काम’ म्हणून घाबरलेल्या माणसाची बोळवण करणे गैर आहे.

औषधाखेरीजही पुष्कळ काही करता येते. १९३२ मध्ये अर्धलवचीक दुर्बीण आणणाऱ्या रुडोल्फ शिंडलर यांच्या पत्नी गाब्रिएले तपासणीभर रुग्णाचे डोके धरून त्याला धीर देत. आजही खांद्यावरचा परिचारिकेचा हात हेच काम करतो. रुग्णाने डाव्या कुशीवर पडून खांदे सैल सोडावेत, नजर एका जागी ठेवावी, श्वास लांब सोडावा आणि लाळ न गिळता बाहेर वाहू द्यावी. ती गिळायला गेले की उबळ वाढते. ‘हात वर केला की क्षणभर थांबा’ असे आधी ठरवून घेतले तर मन बरेच सावरते. काही ठिकाणी नाकातून जाणारी, पाच-सहा मिलिमीटरची बारीक दुर्बीणही मिळते. ती जिभेच्या मुळाला फारशी लागत नाही.

उपाशी राहायची सूचना मात्र काटेकोर पाळायची. गुंगीत घशाचा पहारा सुस्तावतो आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. साधारणपणे आधीचे सहा तास अन्न नाही आणि शेवटचे दोन तास पाणीही नाही. दुधाचा चहा अन्नातच धरायचा, आणि पहाटेच्या ‘घोटभर’ चहावर अनेकांची तपासणी पुढे ढकलली जाते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची किंवा वजन उतरवण्याची इंजेक्शने, झोपेतले घोरणे, हलणारा दात किंवा कवळी, हे सगळे डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

शिरेतून गुंगीचे औषध घेतल्यास चोवीस तास गाडी चालवू नका आणि महत्त्वाच्या कागदांवर सही करू नका. घरचे कोणीतरी सोबत न्या आणि डॉक्टर निष्कर्ष सांगतील तेव्हा त्यांना शेजारी उभे करा. गुंगी पुरती उतरायच्या आधी तुम्ही मान डोलावून ऐकलेले संध्याकाळी तुम्हाला आठवणार नाही.