स्वरयंत्राचे सांधे आणि एदित पियाफ

१९६० च्या डिसेंबरअखेरीस पॅरिसमधील ओलिंपिया नाट्यगृहाची आर्थिक स्थिती इतकी हलाखीची झाली होती की, त्याचे चालक ब्रुनो कोकात्रीक्स यांना दिवाळे निघण्याखेरीज दुसरे काही दिसत नव्हते. आणि अशा प्रसंगी त्यांनी जिच्याकडे धाव घेतली ती गायिका स्वतःच गेली दोन वर्षे रुग्णालये आणि शस्त्रक्रिया यांच्या फेऱ्यांत सापडलेली, पंचेचाळीस वर्षांची, उंचीने पाच फुटांनाही न पोहोचणारी स्त्री होती. एदित पियाफ रंगमंचावर आली, गायली, आणि पुढे कित्येक आठवडे गात राहिली. नाट्यगृह वाचले. त्या रात्रींची ध्वनिमुद्रणे आज उपलब्ध आहेत, आणि ती ऐकताना हा स्वर आमवाताने बोटे वाकलेल्या, चालताना कष्टणाऱ्या देहातून निघतो आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते.

या विस्मयाचे एक उत्तर लोकांनी फार पूर्वीच तयार करून ठेवले आहे. दुःखाने तिचा स्वर पिकला, व्याधीने तिच्या गाण्याला धार आली, असे ते उत्तर. आणि ते पियाफपुरतेच राखून ठेवलेले नाही, प्रत्येक आजारी कलावंताच्या चरित्रात ते कुठे ना कुठे भेटतेच. मला ते असत्य वाटते, आणि रुग्णावर अन्याय करणारेही वाटते. मनुष्याचा कंठ कसा चालतो, आमवात त्या कंठाचे काय करू शकतो आणि वेदना श्वासाला कशी लुबाडते हे शरीरशास्त्राच्या आधाराने पाहिले, म्हणजे पियाफच्या गाण्यातले जे श्रेय आपण व्याधीच्या पदरात घालतो ते खरोखर कोणाचे होते, याचा निवाडा करता येतो.

आधी तिची हकिकत, थोडक्यात. १९ डिसेंबर १९१५ रोजी पॅरिसमध्ये जन्मलेल्या एदित जोव्हाना गासिओँचे वडील रस्त्यावर कसरती करणारे, आई रस्त्यावर आणि उपाहारगृहांत गाणारी. बालपणाचा काही काळ नॉर्मंडीतील बेर्ने या गावी, आजी जे वेश्यागृह चालवीत असे तेथे गेला, आणि त्याच काळात डोळ्यांच्या पारपटलाला दाह होऊन दृष्टीही काही काळ अंधारली. पुढे ती पॅरिसच्या रस्त्यांवर गाऊ लागली. १९३५ साली लुई लेप्ले या कॅबरेचालकाने तिला रस्त्यावर ऐकले आणि शाँझेलिझेच्या परिसरातील आपल्या कॅबरेत गाण्यास उभे केले. ‘पियाफ’, म्हणजे पॅरिसच्या बोलीत चिमणी, हे नाव त्यानेच दिले. पुढच्याच वर्षी लेप्लेचा खून झाला. पण तोवर त्या मुलीने कॅबरेचे मर्म आत्मसात केले होते: तेथे श्रोता हाताच्या अंतरावर बसलेला असतो, त्याच्यासमोर खाद्यपेये असतात, त्याचे लक्ष उधार मिळत नाही, आणि गायिकेला प्रत्येक शब्दाने ते नव्याने वसूल करावे लागते.

आता कंठाकडे वळू. १८५४ साली मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाश परावर्तित करून, स्वतःचेच स्वरतंतू गाताना पाहिले. स्वरयंत्राच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ एका गायनगुरूच्या कुतूहलातून झाला ही गोष्ट संगीतप्रेमी वाचकाला आवडावी. गार्सियाने जे पाहिले ते असे की, श्वास घेताना दोन तंतू एकमेकांपासून दूर होतात आणि स्वर काढताना जवळ येऊन मिटतात. स्त्रीचे हे तंतू लांबीने सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या आसपास असतात, आणि मध्य सप्तकातील ४४० कंपनांचा स्वर लावला असता ते एका सेकंदात ४४० वेळा एकमेकांवर आदळतात. पण त्यांना उघडण्या-मिटण्याचे आणि ताणण्याचे काम करतात त्या कूर्चा, आणि त्या कूर्चा जेथे परस्परांशी जोडलेल्या आहेत तेथे गुडघ्यात आणि बोटांत असतात तसेच, अस्तराचे आणि वंगणद्रवाचे खरेखुरे सांधे असतात. अंगठीच्या आकाराच्या तळकूर्चेवर दोन लहान त्रिकोणी कूर्चा बसलेल्या असतात. त्या फिरल्या की तंतू मिटतात. तळकूर्चा आणि तिच्या पुढची मोठी ढालीसारखी कूर्चा यांच्यामधले आणखी दोन सांधे कलले की तंतू ताणले जाऊन स्वर चढतो. म्हणजे गाण्याची प्रत्येक आस, प्रत्येक मुरकी, या चार अगदी लहान सांध्यांच्या हालचालीवर अवलंबून असते.

आमवात, ज्याला वैद्यक रूमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, नेमका याच अस्तरावर चाल करून जातो. शरीराचे रक्षण करण्यासाठी नेमलेली प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांना परके समजू लागते. अस्तर सुजते, जाड होते, पुढे सरकून कूर्चा आणि हाड खाऊ लागते, आणि उपचार झाले नाहीत तर सांधा कायमचा आखडतो. प्रौढ लोकसंख्येत शंभरात साधारण एकाच्या आत-बाहेर हा रोग आढळतो, आणि स्त्रियांत तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतो. हातापायांचे सांधे सर्वांना दिसतात, म्हणून रोगाची कैफियत तेथेच लिहिली जाते; परंतु स्वरयंत्राचे ते लहान सांधेही त्याच्या तडाख्यातून सुटतात असे नाही. घोगरेपणा, गिळताना दुखणे, घशात काहीतरी अडकल्याची भावना, कानापर्यंत जाणारी कळ ही त्यांची लक्षणे. तंतूंच्या कडांवर आडव्या पांढुरक्या गाठीही काहींत उद्भवतात, आणि अशा गाठींमुळे तंतूंचे कंपन विषम होऊन स्वर फाटतो. ज्या गायकाला हा रोग आहे त्याला व्यासपीठावर पाय टाकताना केवळ गुडघ्याची चिंता वाहून चालत नाही.

पियाफच्या शेवटच्या वर्षांतील छायाचित्रांत बोटांची वाकलेली अवस्था स्पष्ट दिसते, आणि ते हात लपवावेत असे तिला कधी वाटले नाही. काळा, साधा पोशाख आणि त्यावर प्रकाशात उमटणारे चेहरा व हात, एवढीच तिची नेपथ्ययोजना असे. आधी नाट्याचा भाग असलेली ही काटकसर पुढे शरीराची गरज होऊन बसली: फिरणे नाही, नृत्य नाही, एका जागी उभे राहून सारे काम शब्दाच्या उच्चारावर आणि श्वासाच्या मोजमापावर सोपवणे. ज्याची हालचाल मर्यादित आहे त्याला ही पद्धत अनुकूल ठरते, आणि ती तिने रोगापूर्वीच आपलीशी करून ठेवली होती.

तिच्या काळाला एक औषध मिळाले होते, आणि त्याची कथा विज्ञानाच्या इतिहासातील सर्वांत हर्षोत्फुल्ल कथांपैकी एक आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांना १९२९ साली असे दिसले की, आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि त्याच्या सांध्यांचे दुखणे ओसरले. पुढे गरोदरपणातही तोच आराम आढळला. शरीर स्वतःच एखादे द्रव्य निर्माण करीत असावे या तर्कावर ते वर्षानुवर्षे टिकून राहिले. सहकारी एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळे केलेले संयुग सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी एका तरुण स्त्रीला दिले. जिला अंथरुणातून हलणे अशक्य झाले होते ती काही दिवसांत चालू लागली. ते कॉर्टिसोन होय. १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेयस रायखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण या आनंदाची मुदत अल्प ठरली. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिलेले हे औषध हाडे पोकळ करते, स्नायू झिजवते, चेहरा फुगवते, जठरात व्रण उत्पन्न होण्यास साहाय्य करते, आणि थांबवले तर दाह पुन्हा उसळतो. दाहावर अंमल बसवताना ते शरीराची बाकीची दौलत खर्च करून टाकते. पियाफलाही कॉर्टिसोनच्या इंजेक्शनांवर राहावे लागले. १९५१ च्या मोटार-अपघातानंतर तिच्या उपचारांत मॉर्फिनचाही प्रवेश झाला होता, आणि ते पुढे व्यसन झाले.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो रसिक नेहमी विचारतात: एवढ्या वेदनेत माणूस गातो तरी कसा? याची काही उत्तरे विज्ञानाने शोधली आहेत. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी सैनिकांना पाहून अमेरिकेचे डॉक्टर हेन्री बीचर यांनी नोंदवले की, जखम मोठी असूनही अनेकांनी वेदनाशामक मागितलेच नाही. वेदना ही केवळ इजेच्या प्रमाणात नसते, तिला प्रसंगाचा अर्थ चिकटलेला असतो. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूतच वेदनासंदेशांची वाट अडवण्याची यंत्रणा असते असे मांडले, आणि १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदू स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करतो हे दाखवून दिले. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली हेही दाखवले की, संगीत नुसते ऐकणाऱ्यापेक्षा ते प्रत्यक्ष सादर करणाऱ्याची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. गाणे हे वेदनेवर औषध आहे असे म्हणण्याइतके हे प्रयोग पुढे जात नाहीत. गाणाऱ्याला थोडा वेळ सवलत मिळते, एवढेच म्हणता येते.

आणखी एक योगायोग मला मोठा रोचक वाटतो. आमवाताचा कडकपणा पहाटे व सकाळी सर्वांत अधिक असतो, कारण रात्रीच्या उत्तरार्धात दाह भडकवणारी रसायने शिखरावर असतात आणि शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल त्या वेळी मागणीइतके वाढलेले नसते; दिवस चढेल तसे सांधे सैल होतात. कॅबरेची वेळ रात्रीची. म्हणजे रोग्याच्या दिनक्रमातील त्यातल्या त्यात बऱ्या घटका त्या व्यवसायाने मागितल्या, आणि त्याची परतफेड दुसऱ्या सकाळी अंथरुणात करावी लागली. प्रेक्षकाला फक्त पहिला भाग दिसतो.

मॉर्फिनचे गणित याहून कठोर आहे. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वसनकेंद्राला मंद करते, रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढीकडे शरीराला दुर्लक्ष करायला लावते, तोंड व घसा शुष्क करते. आणि ज्या श्लेष्मल थराने स्वरतंतूंना कंपनक्षम राखायचे तो चिकट होतो. वेदना दुसऱ्या बाजूने श्वास उथळ करते, पोट आणि बरगड्यांच्या स्नायूंना आवळते, म्हणजे दीर्घ वाक्यांशासाठी लागणारा हवेचा नियंत्रित साठाच मिळेनासा होतो. १९५९ साली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरियात गाताना पियाफ व्यासपीठावर कोसळली. तेथे वेदनेने गाणे समृद्ध केले असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

तिचे यश माझ्या मते कष्टार्जित कौशल्यात आहे. रस्त्याच्या कोलाहलातून पलीकडे पोहोचण्यासाठी घडलेला तो स्वर होता, आणि माणसाचा कान दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असल्याने, वरच्या स्वनकांनी समृद्ध अशा धारदार स्वराला मोठ्या ताकदीची गरज पडत नाही. मायक्रोफोनमुळे तर कुजबुजही शेवटच्या रांगेत पोहोचली. शिवाय आपल्या संपत चाललेल्या शक्तीला साजेल अशी गाणी तिने निवडली. १९६० मध्ये शार्ल द्युमाँ यांनी आणलेले, पश्चात्ताप नाकारणारे जे गीत तिच्या नावाशी जोडले गेले, त्याची रचना आवेशाची आहे, पण वाक्ये छोटी आणि श्वासाला जागा देणारी आहेत.

मराठी वाचकाला येथे कुमार गंधर्वांची आठवण येईल, आणि ती यावी. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर देवासला वर्षानुवर्षे मौनात काढलेल्या कुमारांना, अमेरिकेतील रुटगर्स विद्यापीठात १९४३ साली सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने पुन्हा उभे केले. आणि त्यांनी तुटक, चटकन उठणाऱ्या वाक्यांशांचे जे गायन पुढे घडवले, त्यात फुप्फुसाच्या मर्यादेची जाण आणि त्याहून मोठी अशी त्यांची स्वतंत्र संगीतदृष्टी या दोन्ही गोष्टी होत्या. रोगाने त्यांना गाणे दिले असे म्हणणारा रसिक औषधाचा, पत्नी भानुमतींच्या सेवेचा आणि कलावंताच्या बुद्धीचा हक्क हिरावून घेतो.

१० ऑक्टोबर १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, यकृताच्या विकाराने पियाफचे निधन झाले. जे औषध तिला सर्वाधिक उपयोगी पडले असते त्या मेथोट्रेक्झेटचा आमवातावरील नियमित वापर तिच्या पश्चात दोन दशकांनी रुळला, आणि लंडनमध्ये मार्क फेल्डमान व रवींदर मैनी यांच्या संशोधनातून दाहाच्या एका विशिष्ट रेणूला अडवणारी जैविक औषधे १९९० च्या दशकात आली. आज निदान लवकर झाले आणि औषध वेळेवर सुरू झाले तर सांधे मोडण्यापूर्वीच रोगाला रोखून धरता येते; कॉर्टिसोनचे वंशज आजही दिले जातात, पण थोड्या मात्रेत, थोड्या मुदतीसाठी. गाणाऱ्या रुग्णांनी एक गोष्ट मात्र आपण होऊन डॉक्टरांना सांगायला हवी: स्वर बदलला, घोगरा झाला, गाताना घशात किंवा कानात कळ आली, तर ती थकव्याच्या खाती टाकू नये. कान-नाक-घसातज्ज्ञ लवचीक नळीने तंतूंचे कंपन पाहू शकतात, आणि ते लहान सांधे आखडण्यापूर्वी त्यांच्या दाहावर उपचार करता येतो. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तेव्हा स्वराचा प्रश्न दुय्यम, प्राणाचा पहिला.