टाळ्या ताईंना, सातबारा दादांच्या नावावर

पेरणीपासून मळणीपर्यंत शेतात बाई नाही, असा एक दिवस दाखवा. खुरपणी तिची, कापूस वेचणी तिची, बियाणं निवडणं तिचंच. फवारणीचा पंप पुरुषाच्या पाठीवर असतो खरा, पण पाणी कोण आणून देतं? हिशेब करा. पंप १६ लिटरचा, एकराला धरा दहा पंप. म्हणजे १६० लिटर पाणी, अर्थात १६० किलो वजन, हंड्या-घागरीने बाईच वाहते. तरीही शेतीतलं तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे ट्रॅक्टरवर बसलेला गडीच येतो.

ही समजूत मोडावी म्हणून हल्ली बचत गटांच्या महिलांचे तंत्रज्ञान मेळावे भरतात. अशाच एका मेळाव्याला कामानिमित्त हजर होतो. मंडपात सगळ्या थरांतल्या बाया होत्या. पाच एकरवाल्या होत्या, रोज बुडवून आलेल्या शेतमजूर होत्या, वाडी-तांड्यावरच्या होत्या, नवरा गेल्यावर एकटीने शेती ओढणाऱ्याही होत्या. एक ताई कुबडी घेऊन आल्या होत्या. घरी बसून रोपवाटिका करतात, ट्रे भरण्याचं यंत्र बघायला आल्या होत्या.

गर्दी अर्थातच ड्रोनभोवती. दहा लिटरची टाकी, एकराला सात-दहा मिनिटं, आणि औषधाच्या फवाऱ्यात माणूस चालत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली, ती १५ हजार महिला बचत गटांसाठी. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत, आणि गटातल्या एका महिलेला १५ दिवसांचं प्रशिक्षण. ड्रोन उडवण्याच्या परवान्याला दहावी पास आणि वय १८ ते ६५ एवढी अट. दहावी झालेली सून घरात असेल तर तिला नुसती चुलीपुढे ठेवू नका, एवढंच सांगतो.

पण खरी कामाची चीज कडेच्या टेबलावर होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा. दातेरी पातं, वजनाला हलका, सारखी धार लावायची कटकट नाही. उभ्याने चालवायचं हातकोळपं होतं, म्हणजे दिवसभर उकिडवं बसणं वाचलं. मक्याचे दाणे सुटे करायची हातात मावणारी सोलणी होती. कापूस वेचताना पुढे बांधायचा कोट होता, म्हणजे मानेला ओटीचा ताण नाही. औजाराचा दांडा पुरुषाच्या उंचीचा आणि मूठ पुरुषाच्या पंजाची असली, की त्याच कामात बाई जास्त दमते. हे ओळखून १९९६ साली भुवनेश्वरला खास शेतकरी महिलांसाठी संशोधन केंद्र निघालं. पंचवीस-तीस वर्षं झाली, तरी आपल्या बाजारात दांडा एकाच मापाचा!

यंत्रालाच तंत्रज्ञान म्हणायचं असंही नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. गावरान वाणांचं बियाणं जपलं, बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोणतं बी कोणत्या मातीत टिकतं हे कळणं, हेही शास्त्रच आहे.

भाषणं झाली, सत्कार झाले, टाळ्या झाल्या. मग प्रश्नोत्तराच्या वेळी मागच्या रांगेतल्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, “साहेब, समदं ग्वाड हाय. पण पॉवर वीडरचा अर्ज करायला गेले तर म्हणले सातबारा तुमच्या नावाचा नाही. मालकाला घेऊन या. आता शेत मी बघते, मालक हैत पुण्याला. मग यंत्र कुणाचं?”

मंडप शांत झाला. या प्रश्नावर मेळावा खरा, बाकी सगळी सजावट.

बघा मंडळी, गणित असं आहे. बचत गटाला ड्रोन मिळायला बाईच्या नावावर जमीन लागत नाही. पण घरचा पॉवर वीडर अनुदानावर घ्यायचा, तर सातबारा आणि आठ-अ अर्जदाराच्या नावाचा लागतो. त्यात १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, आणि तो क्रमांक जमिनीच्या नोंदीवरून मिळतो. नोंदीत नाव नाही तर क्रमांक नाही, क्रमांक नाही तर अर्ज नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये महिला जेमतेम १४ टक्के भरल्या. राबणाऱ्या किती आणि नोंदीत किती, हे तुम्हीच ताडा.

यात घराचंही नुकसान आहे. यांत्रिकीकरणात महिला शेतकऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. मोठ्या खातेदार पुरुषाला ४० टक्के. म्हणजे नाव लावायचं टाळून आपण आपल्याच खिशातले दहा टक्के सोडतो.

यावर उपाय नवा नाही. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरलं. त्याच वाटेवर पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९२ साली शासनानेही लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला, तर बायकोचं नाव सातबारावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. अधिवेशन असं असावं. मंडप उतरल्यावरही कागद हलला पाहिजे.

“नाव लावलं तर जमीन जाईल,” अशी भीती काही जण बोलून दाखवतात. जमीन कुठं जात नाही, घरातच राहते. उलट विकायची वेळ आली तर दोन सह्या लागतात, म्हणून रागाच्या किंवा दारूच्या भरात झालेला व्यवहार अडतो. ज्याला हे नको वाटतं, त्याने मनाशी विचार करावा की का नको वाटतं.

तेव्हा चार कामं सांगतो, हंगाम सुरू व्हायच्या आत करण्याजोगी.

एक, घरधन्याने लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठी भाऊसाहेबांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे द्यावा. सोसायटी-बँकेचा बोजा असेल तर आधी विचारून घ्यावं. नवरा वारला असेल त्या घरी वारस नोंद लांबवू नये. विधवेचा तो हक्क आहे, उपकार नव्हे.

दोन, ताईंच्या आधारला ताईंचाच मोबाईल नंबर जोडावा. नंबर मालकाचा असला की ओटीपी पुण्यात वाजतो आणि अर्ज इथं अडतो.

तीन, भूमिहीन ताईंना सातबारा कुठून येणार? त्यांच्यासाठी गावात औजार बँक हवी. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. दरवेळी शिलाई यंत्रंच घेतली पाहिजेत असं नाही. कोळपी, विळे, वेचणीचे कोट यांची मागणी महिला ग्रामसभेत ठरावाने नोंदवा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावीच लागते, ती सह्यांपुरती नको.

चार, आम्हा खात्यातल्या मंडळींसाठी. प्रात्यक्षिक दुपारी बारा वाजता तालुक्याला ठेवलं तर मजूर बाईचा रोज बुडतो. ते शिवारात न्या, संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी ठेवा, आणि यंत्र आधी ताईंच्या हातात द्या.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे साल शेतकरी महिलांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं. अशा सालाचे मेळावे होतात, फलक लागतात, फोटो निघतात. गावाने मात्र साधा हिशेब ठेवावा. मेळाव्याला गावातून किती ताया गेल्या, आणि त्यातल्या किती जणींचं नाव त्यानंतर आठ-अ वर चढलं. दुसरा आकडा चावडीवर लिहून लावा.